रुग्णपत्रकावरील अभिप्राय आणि गुरूचा आवाज

आयुर्वेदाच्या अध्ययनपरंपरेत शास्त्र प्रथम कानाने ग्रहण केले जात असे, ही गोष्ट वैद्यवर्गाला नव्याने सांगावयास नको. चरकसंहितेच्या विमानस्थानातील रोगभिषग्जितीय अध्यायात शास्त्रज्ञानाचे जे तीन उपाय सांगितले आहेत, ते म्हणजे अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. हे तिन्ही उपाय बोलणे आणि ऐकणे यांवरच उभे आहेत. सुश्रुताचार्यांनी तर सूत्रस्थानात प्रभाषणीय नावाचा स्वतंत्र अध्यायच योजिला आणि अर्थ न उलगडता केलेल्या पाठांतराला चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली. त्याच स्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात छेदनकर्माचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर, लेखनकर्माचा केसाळ चामड्यावर, तर सीवनकर्माचा वस्त्राच्या काठांवर व मऊ चामड्यावर करवून घ्यावा, असे सांगितले आहे. शिष्याचा हात चालत असताना आचार्य शेजारी आहेत आणि चूक होताच ती तेथल्या तेथे सांगितली जात आहे, असे चित्र या वर्णनातून डोळ्यांपुढे उभे राहते.

आजच्या महाविद्यालयीन शिक्षणात हे चित्र कितपत शिल्लक आहे, याचा विचार करण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

स्वाक्षरीपुरते उरलेले तपासणीकार्य

पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थी कितीतरी लेखन करतो. द्रव्यगुणाची वनस्पतिसंग्रह वही, रसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे जर्नल, कायचिकित्सा, पंचकर्म, स्त्रीरोग या विषयांची रुग्णपत्रके, पदव्युत्तर वर्गात प्रबंधाचा आराखडा आणि मग प्रबंध. हे सारे लेखन शिक्षकाने तपासावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात सबमिशनचा दिवस जवळ आला, की विभागात वह्यांचे ढीग लागतात, शिक्षक पाने उलटतात, बरोबरची खूण करतात, कोठे 'अपूर्ण' तर कोठे 'ठीक' असे लिहितात आणि तारखेसह स्वाक्षरी करतात. विद्यार्थी वही उचलतो, स्वाक्षरी मोजतो आणि वही कपाटात जाते. पुढच्या वर्षी तीच वही धाकट्या विद्यार्थ्याच्या हाती उतरवून काढण्यासाठी पडते. हे कटू असले तरी आपल्यापैकी अध्यापन केलेल्या कोणालाही अपरिचित नाही.

यात शिक्षकांच्या कर्तव्यबुद्धीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. वर्गात साठ विद्यार्थी धरले आणि प्रत्येकाची दहा रुग्णपत्रके धरली, तरी सहाशे पत्रके होतात. बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभागातील फेरी, तासिका आणि कार्यालयीन कागदपत्रे सांभाळून सहाशे पत्रकांवर सविस्तर लिहिणे कोणाही मनुष्याला शक्य नाही. परंतु शक्य नाही म्हणून त्याचा परिणाम टळत नाही. तो परिणाम काय असतो, हे आम्हांस एका प्रसंगाने शिकविले. त्यात दोष आमचाच होता, म्हणून तो येथे नमूद करतो.

एका प्रश्नचिन्हाची गोष्ट

बऱ्याच वर्षांपूर्वी कायचिकित्सा विभागात अध्यापन करीत असताना एका विद्यार्थ्याचे रुग्णपत्रक आमच्यापुढे आले. बेचाळीस वर्षांची स्त्री, दोन्ही मनगटे व बोटांचे सांधे सुजलेले व ठणकणारे, सकाळी अंग आखडणे, अरुची, अंगास जडपणा, बारीक ज्वर, जिभेवर पांढरा थर. लक्षणे त्याने मनापासून टिपली होती. व्याधिविनिश्चयात मात्र 'संधिगत वात' असे लिहून चिकित्सेत सर्वांग स्नेहन व नाडीस्वेद योजिला होता. आम्ही व्याधीच्या नावापुढे तांबड्या शाईने एक प्रश्नचिन्ह काढले, 'निदान पुन्हा पाहावे' असे लिहिले आणि खाली स्वाक्षरी केली. तीस-चाळीस पत्रके त्या दुपारी संपवावयाची होती.

तो विद्यार्थी उत्तीर्ण झाला, आंतरवासिता पूर्ण करून आपल्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करू लागला. दोनेक वर्षांनी तो भेटावयास आला. बोलता बोलता त्याने एका रुग्णाची हकीकत सांगितली. सांध्यांची सूज पाहून त्याने सात दिवस तेलाचा अभ्यंग करविला होता. सूज उतरण्याऐवजी वाढली, ज्वर चढला, रुग्ण अंथरुणावरून उठेनासा झाला आणि नातेवाइकांनी त्याला अन्यत्र हलविले. हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सर, अगदी अशीच रुग्णा माझ्या जर्नलमध्ये होती. आपण तिथे प्रश्नचिन्ह काढले होते. पण प्रश्न काय होता, ते मला कधी कळलेच नाही. विचारायला हवे होते, पण धीर झाला नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले. साम अवस्थेत बाह्य स्नेहन करू नये, हे आम्ही वर्गात कितीदा तरी शिकविले होते. त्यानेही ते परीक्षेत लिहिले असेल. परंतु त्याच्या स्वतःच्या रुग्णाच्या, त्याने स्वतः टिपलेल्या लक्षणांशी ते सूत्र जोडून देण्याची वेळ आली तेव्हा आमच्याजवळ केवळ एक तांबडे चिन्ह होते.

चार मिनिटांत काय सांगता आले असते

त्या दिवशी ते पत्रक हातात धरून आम्ही नुसते बोललो असतो आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करून त्याला दिले असते, तर ते साधारण असे झाले असते :

"लक्षणांची नोंद तू चांगली केली आहेस. जिभेवरचा थर पुष्कळ जण पाहतच नाहीत, तो तू लिहिलास. आता तुझ्याच पत्रकातील लक्षणे पुन्हा वाच. अरुची, जडपणा, बारीक ज्वर, सकाळी आखडणारे सांधे. हे सारे केवळ वाताने झाले असे म्हणता येईल का? संधिगत वातात सांधा वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखा हाताला लागतो, पसरताना-आखडताना दुखतो. पण अग्नी मंदावल्याची इतकी चिन्हे तेथे असतीलच असे नाही. ही रुग्णा आमवाताची आहे. येथे बाहेरून तेल चोळलेस तर आमाने झालेला अवरोध वाढेल. म्हणून आधी लंघन, दीपन, पाचन आणि वालुकापोटलीचा रूक्ष स्वेद. आता तुझ्या मनात येईल, की आमवातात एरंडतेल तर देतातच आणि तोही स्नेहच आहे. मग हा निषेध कोणत्या अवस्थेचा, कोणत्या मार्गाने दिलेल्या स्नेहाचा? चक्रदत्तातील आमवाताची चिकित्सा क्रमाने वाच, उत्तर लिही आणि सोमवारी मला दाखव."

एवढे बोलावयास दोन मिनिटांहून फारसा अधिक वेळ लागत नाही. हेच हाताने लिहावयाचे तर पाऊण पान होईल आणि ते आम्ही कधीच लिहिले नसते. हाताने लिहिताना मिनिटाला वीस-पंचवीस शब्द होतात, बोलताना सहज शंभराच्या पुढे जातात. ध्वनिमुद्रित अभिप्रायाचा पहिला लाभ हा असा साधा हिशेबाचा आहे.

अन्यत्र आलेला अनुभव

ही कल्पना आमची नाही आणि नवीनही नाही. इंग्लंडमधील लीड्स मेट्रोपॉलिटन विद्यापीठात, ज्याचे नाव आज लीड्स बेकेट विद्यापीठ आहे, २००८-०९ च्या सुमारास बॉब रॉथरम यांच्या नेतृत्वाखाली 'साउंड्स गुड' नावाचा प्रकल्प राबविला गेला. त्यास जिस्क या संस्थेचे अर्थसाहाय्य होते. विविध विषयांच्या अध्यापकांनी छोट्या ध्वनिमुद्रण यंत्रावर विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयीचा अभिप्राय बोलून नोंदविला आणि ध्वनिफाइल विद्यार्थ्याकडे पाठविली. विद्यार्थ्यांनी या पद्धतीचे मोठ्या प्रमाणात स्वागत केले. वेळेच्या बाबतीत मात्र निष्कर्ष सरसकट नव्हता. जो शिक्षक सावकाश लिहितो पण भराभर बोलतो, ज्याला यंत्राची सवय आहे, ज्याला पुष्कळ सांगावयाचे आहे आणि ज्याच्याजवळ फाइल पोहोचविण्याचा सोपा मार्ग आहे, त्याचा वेळ वाचतो, इतरांचा वाचेलच असे नाही, असे त्यातून दिसले. अमेरिकेत फिल आइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दूरस्थ वर्गातील विद्यार्थ्यांना लेखी शेऱ्यांपेक्षा आवाजातील अभिप्रायात बारकावे अधिक कळले आणि शिक्षकाला आपल्याविषयी आस्था आहे, अशी जाणीव झाली, असे नोंदविले आहे.

आपल्याकडे त्या काळी असे यंत्र विभागात असणे अपवादात्मक होते. आज प्रत्येक शिक्षकाच्या व विद्यार्थ्याच्या खिशातील दूरध्वनीत ध्वनिमुद्रणाची सोय आहे. व्हॉट्सॲपवर २०१३ पासून आवाजी संदेश पाठविता येतात आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींनाही ते पाठविण्याची सवय झाली आहे. तेव्हा साधन नाही, ही सबब उरलेली नाही.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला याचा विशेष उपयोग

आमच्या मते आयुर्वेदाच्या शिक्षणात या पद्धतीचे महत्त्व इतर शाखांहून अधिक आहे आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण भाषेचे. आपल्या महाविद्यालयांतील पुष्कळ विद्यार्थी मराठी माध्यमातून शिकून आलेले असतात. ग्रंथ संस्कृतात, संदर्भपुस्तके हिंदी वा इंग्रजीत, रुग्णपत्रकाचा छापील नमुना इंग्रजीत आणि रुग्ण बोलतो ती गावची मराठी. या चार भाषांच्या मधल्या जागेत अर्थ पुष्कळदा निसटतो. रुग्ण 'अंग मोडून येते', 'तोंडाला चव नाही', 'सांधे धरतात' असे म्हणतो. त्यातील अंगमर्द कोणता, अरुची कोणती आणि स्तंभ कोणता हे ओळखणे, हीच तर नैदानिक विद्या. शिक्षक इंग्रजीत दोन शब्दांचा शेरा लिहितो तेव्हा ही विद्या दिली जात नाही. तोच शिक्षक मराठीत चार वाक्ये बोलला, की दिली जाते.

दुसरे कारण विचारक्रमाचे. दोष, दूष्य, अग्नी, आम, स्रोतस्, अवस्था असा विचार करीत वैद्य निर्णयापर्यंत येतो. हा क्रम उत्तरात दिसत नाही, तो बोलण्यात दिसतो. शिक्षक कोठे थांबला, कोणत्या लक्षणावर त्याने भर दिला, कोठे 'हे मलाही सांगता येत नाही, रुग्ण पुन्हा पाहावा लागेल' असे प्रांजळपणे म्हणाला, हे सर्व विद्यार्थी ऐकतो आणि वैद्याने विचार कसा करावा, ते शिकतो. गुरूच्या सान्निध्याची ही गरज शासनानेही ओळखली होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने गुरुशिष्यपरंपरेचे अभ्यासक्रम चालविले, ते याच जाणिवेतून. परंतु त्याचा लाभ मोजक्यांनाच मिळतो. साठांच्या वर्गाला गुरूचे सान्निध्य देता येणार नाही. गुरूचा आवाज मात्र काही प्रमाणात देता येईल.

आक्षेप आणि त्यांचा विचार

आमच्या काही सहकाऱ्यांनी या कल्पनेवर आक्षेप घेतले. ते पोकळ नाहीत, म्हणून त्यांची दखल घेणे उचित होय.

पहिला आक्षेप असा, की शिक्षकाने विद्यार्थ्याला समोर बसवूनच का सांगू नये? हे म्हणणे सर्वथा योग्य आहे. समोरासमोरच्या संभाषणाची सर कशालाही येणार नाही आणि ज्या विभागात ते घडते तेथे ध्वनिमुद्रणाची गरजही नाही. आमची तुलना त्या आदर्शाशी नसून आज प्रत्यक्षात असलेल्या स्वाक्षरीशी आहे. शिवाय समोर उभा असलेला विद्यार्थी पुष्कळदा भीतीमुळे ऐकतच नाही, केवळ मान डोलावतो. तोच अभिप्राय घरी शांतपणे दोनदा ऐकता येतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. सहाशे पत्रकांना पाच मिनिटांप्रमाणे पन्नास तास लागतील, हे खरे आहे. म्हणून सर्व पत्रकांवर बोलण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या दहांपैकी दोन पत्रकांवर बोलावे, एक सत्राच्या आरंभी आणि दुसरे मध्यावर. म्हणजे दहा तास झाले. ते विभागातील तीन-चार शिक्षकांत वाटले, तर प्रत्येकास सत्रभरात साडेतीन तासही येत नाहीत. पत्रक वाचण्याचा वेळ वेगळा, पण तो तर आजही द्यावयाचाच आहे. उरलेल्या आठ पत्रकांवर नेहमीप्रमाणे खूण व स्वाक्षरी राहू द्यावी.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. लेखी शेरा कोरडा असतो, पण आवाज कठोर असू शकतो. दिवसभराच्या कामाने त्रासलेल्या शिक्षकाचा उपहासाचा स्वर एकदा ध्वनिमुद्रित झाला, की विद्यार्थी तो वीस वेळा ऐकेल आणि मित्रांनाही ऐकवील. जी आस्था आवाजातून पोहोचते, तिच्याच वाटेने अवहेलनाही पोहोचते. यावर यंत्रात उपाय नाही, तो शिक्षकाच्या स्वभावात आहे. संतापाच्या भरात बोलू नये आणि बोलून झालेले पाठविण्यापूर्वी एकदा ऐकावे, एवढे पथ्य पाळता येण्यासारखे आहे.

काही पथ्ये

पथ्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

रुग्णाचे नाव, गाव वा नोंदणी क्रमांक ध्वनिमुद्रणात कदापि उच्चारू नये, केवळ पत्रकाचा अनुक्रमांक सांगावा. ध्वनिफाइल एका हातातून दुसऱ्या हातात क्षणात जाते आणि रुग्णाची गुप्तता ही वैद्याची पहिली जबाबदारी आहे. याच कारणास्तव अभिप्राय वर्गाच्या सामाईक गटावर टाकू नये, तो त्या विद्यार्थ्यालाच पाठवावा. दुसऱ्याच्या चुकीची जाहीर चर्चा हे शिक्षण नव्हे.

अभिप्राय चार-पाच मिनिटांहून लांबवू नये. लेखी शेऱ्यावर नजर फिरवून हवी ती ओळ काढता येते, आवाजात ते साधत नाही. म्हणून पत्रकावर कच्च्या पेन्सिलीने एक, दोन, तीन असे आकडे घालावेत आणि 'आता क्रमांक दोन पाहा' असे म्हणत बोलावे. आरंभी विद्यार्थ्याने जे नेमके साधले आहे ते सांगावे, मग एक किंवा दोनच प्रमुख चुका घ्याव्यात आणि शेवटी त्याने पुढे काय करावयाचे, ते निश्चित सांगावे. दहा चुका एकदम सांगितल्या, तर विद्यार्थी एकही दुरुस्त करीत नाही.

गुण व निर्णय लेखीच असावेत. ज्या विद्यार्थ्यास ऐकण्याची अडचण आहे त्यास लेखी अभिप्राय मिळणे हा त्याचा हक्क समजावा. आणि सर्वांत आवश्यक म्हणजे, अभिप्राय ऐकून विद्यार्थ्याने त्याच पत्रकाखाली चार ओळींची दुरुस्ती लिहून परत दाखवावी. ती दुरुस्ती पाहिल्यानंतरच स्वाक्षरी व्हावी. असे केले नाही, तर तांबड्या प्रश्नचिन्हाच्या जागी न ऐकलेली ध्वनिफाइल येईल, एवढाच फरक होईल.

उपसंहार

केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या जागी २०२१ मध्ये राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आला आणि त्यानंतरच्या पदवी अभ्यासक्रमात वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला स्थान मिळाले. हे स्वागतार्ह आहे. परंतु मूल्यमापनाची संख्या वाढली आणि त्यावरील अभिप्राय स्वाक्षरीपुरताच राहिला, तर शिक्षकाच्या टेबलावरील ढीग तेवढा उंच होईल. विद्यार्थ्याच्या पदरी काही पडणार नाही.

आमची सूचना लहान आहे. तिला अनुदान, परवानगी वा नवे यंत्र लागत नाही. येत्या सत्रात कोणत्याही एका विभागाने, एकाच वर्गासाठी, विद्यार्थ्यामागे दोन पत्रकांपुरता हा प्रयोग करून पाहावा. रुग्ण प्रथम आमच्या रुग्णालयात येतो, पण पुढे तीस-चाळीस वर्षे तो आमच्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात जाणार असतो. त्या दूरच्या रुग्णाचे हित आज आमच्यापुढे पडलेल्या पत्रकात दडलेले असते. त्या पत्रकावर प्रश्नचिन्ह काढून आम्ही पुढे गेलो, त्याची किंमत एका अनोळखी रुग्णाने मोजली. आमच्या अध्यापक वैद्यबंधू-भगिनींवर अशी वेळ न येवो. ज्यांनी असा वा यासारखा प्रयोग आपल्या महाविद्यालयात केला असेल, त्यांनी आपला अनुभव, विशेषतः कोठे अडचण आली तो, या त्रैमासिकासाठी अवश्य लिहून पाठवावा. तद्विद्यसंभाषेचा तोही एक प्रकारच आहे.